जो-तो, जर-तर आणि इंग्रजीचा तास

जबलपूरला मराठी घरात वाढणारे मूल एका दिवसात तीन व्याकरणांतून जाते. सकाळी आजी म्हणते, ‘जो लवकर आंघोळ करेल त्याला पहिली पोळी.’ शाळेत हिंदीच्या मॅडम फळ्यावर ‘जो परिश्रम करता है, वह सफल होता है’ असे लिहितात आणि पहिल्या अर्ध्या भागाखाली रेघ ओढून ‘विशेषण उपवाक्य’ हे नाव देतात. घंटा होते, इंग्रजीचे सर येतात आणि ‘ॲडजेक्टिव्ह क्लॉज’ नावाचा नवा धडा सुरू होतो. मूल वहीचे कोरे पान उघडते. आजीची पोळी, मॅडमची रेघ आणि सरांचा धडा ही एकच गोष्ट आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

इंग्रजीतील उपवाक्ये आणि वाक्यांचे प्रकार कसे शिकवावेत, या प्रश्नावर गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले, प्रयोग झाले, वादही झाले. त्या सगळ्याकडे जबलपूरच्या वर्गातून पाहावे असे मला फार दिवस वाटत होते. त्याचे कारण केवळ माझे या गावावरचे प्रेम नाही. हिंदीला उपवाक्यांची शिस्तशीर मांडणी देणारे पुस्तक ज्यांनी लिहिले, ते याच गावचे होते आणि ते पुस्तक लिहिताना त्यांच्यासमोर एक मराठी ग्रंथ होता.

पंडित कामताप्रसाद गुरु यांचा जन्म १८७५ मध्ये सागरला झाला. पेशाने ते शिक्षक. पुढे जबलपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली आणि १९४७ मध्ये इथेच ते वारले. त्यांचे ‘हिंदी व्याकरण’ काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. ते तपासायला सभेने जी समिती नेमली, तीत महावीरप्रसाद द्विवेदी आणि चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्यासारखी माणसे होती. लज्जाशंकर झाही होते. जबलपूरच्या मॉडेल हायस्कूलला आज त्यांचेच नाव आहे. आणि गुरुजींचा आदर्श होता मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे बंधू. हे ऋण गुरुजींनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्या काळी जबलपूर, नागपूर आणि वऱ्हाड एकाच प्रांतात होते, शिक्षणखाते एकच होते, आणि मराठी-हिंदीची देवघेव रोजची होती. त्याच १९२० साली याच गावातून मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्र्यांच्या पुढाकाराने ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक निघाले. तेव्हा दामल्यांचा ग्रंथ जबलपुरात वाचला जाणे आणि त्यातून हिंदीचे व्याकरण उभे राहणे यात नवल नव्हते.

आता हा धागा आणखी मागे न्यावा लागतो. वाक्याची प्रधान आणि गौण अशी फोड करायची, आणि गौण वाक्याचे नामाच्या, विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या जागी बसणारे असे तीन वर्ग करायचे, ही पद्धत संस्कृत व्याकरणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन व्याकरणकाराने ती बांधली. जे. डी. मोरेल यांनी १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणावर पुस्तक लिहून ती इंग्लंडच्या शाळांत नेली. तिथून ती आपल्याकडच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांत उतरली. नेसफिल्डच्या पुस्तकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दोन पिढ्या घडवल्या. पुढे १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले ते आजही दुकानात मिळते. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि नंतर कादंबरीकार म्हणून गाजले. इकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्येच इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून मराठीचे व्याकरण रचले होते. म्हणजे मराठीच्या तासाला आपण ज्याला नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य म्हणतो, हिंदीच्या तासाला संज्ञा उपवाक्य वगैरे म्हणतो आणि इंग्रजीच्या तासाला नाउन क्लॉज वगैरे म्हणतो, ती एकाच घराण्यातली भावंडे आहेत. शाळेत मात्र त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली जात नाही.

मला या सगळ्या विषयातली मुख्य चूक हीच वाटते. मुलाला उपवाक्य येत असते. बोलायला लागल्यापासून ते ‘तू आलास तर मी येईन’ म्हणत असते. आपण त्याला ती गोष्ट परकी म्हणून शिकवतो आणि मग ती अवघड आहे अशी तक्रार करतो.

नावांच्या बाबतीत मराठीची एक सोय सांगितली पाहिजे. आपल्या शालेय व्याकरणात मोठ्या वाक्यालाही ‘वाक्य’ म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या गौण वाक्यालाही ‘वाक्य’च म्हणतात. काहींना यात गोंधळ दिसतो. मला उलट वाटते. ज्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद आहे ते वाक्यच. ते दुसऱ्याच्या आश्रयाला गेले की गौण झाले. एवढे ध्यानात आले की वाक्यांश कोणता आणि उपवाक्य कोणते, हा परीक्षेतला नेहमीचा पेच सुटतो: क्रियापद शोधा. फळ्यावरच्या लांब वाक्यात आधी पूर्ण क्रियापदांभोवती गोल करायचे, मग प्रत्येकाचा कर्ता शोधायचा, मग त्यांना जोडणारा शब्द. मुले उलट दिशेने जातात. ‘बिकॉज’ दिसले की क्रियाविशेषणवाक्य, ‘दॅट’ दिसले की नामवाक्य, अशी पाठ केलेली खूण घेऊन ती निघतात आणि ‘दॅट’ने विशेषणवाक्य सुरू झाले की फसतात.

तज्ज्ञांतही क्लॉज म्हणजे काय यावर एकमत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असावे. रेन-मार्टिनच्या परंपरेत कर्ता आणि विधेय असल्याशिवाय क्लॉज होत नाही. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणात क्रियापदाची अपूर्ण रूपे असलेले शब्दसमूहही क्लॉज ठरतात. क्रियापद नसलेलेही काही ठरतात. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ मध्ये नाम-विशेषण-क्रियाविशेषण ही बेकरची विभागणीच बाजूला सारली आणि ‘बिफोर’, ‘आफ्टर’ यांना उभयान्वयी न मानता शब्दयोगी अव्ययांच्या गटात नेले. नववीच्या वर्गात हा वाद नेण्याचे कारण नाही. पण एका पुस्तकात क्लॉज आणि दुसऱ्यात फ्रेज असे उत्तर असेल तर मुलाचे गुण कापताना शिक्षकाने थोडा विचार करावा, इतका तरी त्याचा उपयोग आहे.

खरी गंमत सुरू होते ती मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवल्यावर. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो.’ आपल्या व्याकरणाप्रमाणे हे केवल वाक्य, कारण पूर्ण क्रियापद एकच. इंग्रजीत त्याचे स्वाभाविक रूप ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’. हे झाले मिश्र वाक्य. ‘तू सांगितलेले काम मी केले’ हे केवल. इंग्रजीत तिथे विशेषणवाक्य लागते. ‘आई येताना मी झोपलो होतो’, ‘गाडी चुकल्यामुळे उशीर झाला’, ‘काल आलेला पाहुणा’, ‘जेवून जा’ ही सगळी मराठीची घडण आहे. ल्यावर, ल्यामुळे, ताना, ऊन, लेला, णारा या प्रत्ययांनी आपण गौण वाक्य आटवून शब्दात बसवतो. हिंदीही ‘रुकने पर’, ‘आने के बाद’ असेच करते. इंग्रजीलाही अशी आटीव रूपे आहेत, पण तिचा रोजचा भर उघड्या उपवाक्यावर अधिक. त्यामुळे मिश्र वाक्याचे मिश्र वाक्यात भाषांतर करा, हा व्यायाम मुलाला निम्मेच शिकवतो. त्याला हवे आहे ते मराठी प्रत्ययातून इंग्रजी उपवाक्य बाहेर काढण्याचे कसब. हा धडा मी आजवर कोणत्याही क्रमिक पुस्तकात पाहिलेला नाही, आणि माझ्या मते मराठी-हिंदी मुलांसाठी तोच पहिला हवा.

दुसरी जागा जोड्यांची. आपल्या भाषांना जोडीने बोलायची सवय आहे: जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, हिंदीत यद्यपि-तथापि. इंग्रजी बहुतेक ठिकाणी एकाच शब्दावर भागवते. म्हणून मुले ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ असे लिहितात. त्यांना ‘बट’ चुकले म्हणून लाल रेघ मिळते. चूक कुठून आली ते सांगितले जात नाही. ‘जरी’ला ‘तरी’ लागतेच, ते त्यांच्या कानाने पुरवले. मुलाचा कान चांगला आहे, फक्त तो मराठी आहे. एकदा फळ्यावर ‘जरी तो आजारी होता तरी तो आला’ लिहून ‘तरी’ पुसून दाखवा: मराठी वाक्य लंगडते. मग इंग्रजी वाक्यातून ‘बट’ पुसा: वाक्य ताठ उभे राहते. पाच मिनिटांचे काम आहे.

जो-तोची अडचण याहून खोल आहे. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ यात आपण मुलाला पुढच्या भागात बसवतो आणि ‘तो’ म्हणून पुन्हा हाक मारतो. इंग्रजी आधी मुलाचे नाव घेते, त्याला चिकटून ‘हू’ने सुरू होणारे उपवाक्य ठेवते आणि मग पुढे जाते. त्यामुळे प्रधान वाक्य मधोमध फाटते. कर्ता इकडे, क्रियापद तिकडे, आणि मध्ये पाहुणा. शब्दशः चालणारे मूल ‘व्हिच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असे लिहिते. इथे नियम सांगून भागत नाही. वाक्य कागदाच्या पट्ट्यांवर लिहून मुलांच्या हातात द्यावे आणि त्यांनाच पट्ट्या हलवू द्याव्यात. मराठीत पट्टी पुढे, इंग्रजीत मध्ये. एकदा हाताने हलवली की मूल ती जागा विसरत नाही.

‘की’चेही असेच आहे. ‘त्याने विचारले की तू कुठे राहतोस’ हे मराठीत निर्दोष. आपले ‘की’ समोरच्याचे शब्द जसेच्या तसे आत घेते. पुरुष बदलत नाही, काळ बदलत नाही, प्रश्नाचा प्रश्नपणा बदलत नाही. इंग्रजीत यातले तिन्ही बदलते. मराठी कानाने चालणारे मूल म्हणून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ असे लिहिते. आणि ‘जर’च्या वाक्यात मराठी भूतकाळी रूप वापरते, ‘पाऊस पडला तर’. इंग्रजी साधा वर्तमान घेते. मूल मात्र अर्थाचा विचार करून ‘इफ इट विल रेन’ लिहिते, कारण पाऊस पुढे पडणार असतो. तर्क बरोबर आहे. त्याला एवढेच सांगायचे की आपणही मराठीत न पडलेल्या पावसाला ‘पडला’ म्हणतो. प्रत्येक भाषेचा असा एक संकेत असतो.

विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी या वर्गीकरणावर फार वेळ घालवू नये. मुलांना ते चटकन कळते. एकच गोष्ट जोडावी: रूप आणि हेतू वेगळे असू शकतात. ‘खिडकी उघडतोस का?’ हा प्रश्न नाही, विनंती आहे, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तेच इंग्रजी ‘कॅन यू’ला लागू आहे.

आता शिकवून काय साधते, हा मोठा प्रश्न. अमेरिकेत ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष मांडला की पारिभाषिक व्याकरण शिकवल्याने मुलांचे लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ला जातो. न्यूझीलंडमध्ये १९७६ मध्ये एली यांच्या गटाने तीन वर्षांच्या अभ्यासातून जवळपास तेच म्हटले. दरम्यान जॉन मेलन यांनी १९६९ मध्ये आणि फ्रँक ओहेअर यांनी १९७३ मध्ये वेगळी वाट धरली: छोटी छोटी वाक्ये देऊन ती एका वाक्यात जोडायला लावायची. ओहेअर यांनी तर व्याकरणाच्या संज्ञाच गाळल्या. मुलांची वाक्ये प्रौढ झाली. ग्रॅहम आणि पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरील प्रयोग एकत्र मांडले, त्यात वाक्यजोडणीचा परिणाम ०.५० इतका धन आला आणि सुट्या व्याकरणशिक्षणाचा उणे ०.३२. इंग्लंडने मात्र २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांना व्याकरणाची सक्तीची परीक्षा लावली, आणि तिच्या उपयोगावर तिथे आजही वाद चालू आहे.

हे आकडे वाचून आपल्याकडे काहीजण व्याकरणच काढून टाका म्हणतात. त्यांनी घाई करू नये. हे प्रयोग मुख्यतः इंग्रजीच मातृभाषा असलेल्या मुलांवर झाले. दुसरी भाषा शिकणाऱ्यांसाठी नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी २००० मध्ये ४९ अभ्यास एकत्र केले, तेव्हा नियम स्पष्ट करून शिकवण्याचा फायदा ठळक दिसला. त्यावर आक्षेप आहे: चाचण्याच अशा होत्या की नियम पाठ असलेला पुढे जाईल. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत व्याकरण न शिकवता, मुलांना विचार करायला लावणारी कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला आणि तो जगभर चर्चिला गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही भाषेचा भरपूर सहवास आधी, नियम नंतर, असाच कल दाखवला. हे सगळे समोर ठेवून माझे मत असे: आपल्या मुलांना नावे हवीत, पण थोडी, आणि जोडणी हवी, ती भरपूर.

जोडणीसाठी अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाही. आपल्या जुन्या व्याकरणात तिला वाक्यसंकलन म्हणतात. नेसफिल्डच्या पुस्तकाच्या नावातच ती होती, रेन-मार्टिनमध्ये तिची प्रकरणे आहेत. आपण तिचे काय केले? परीक्षेसाठी ‘टू’ काढा, ‘नो सूनर’ वापरा, ‘ॲज सून ॲज’ने सुरू करा, अशा ठराविक रूपांतरांच्या साच्यात ती कोंबली. मुलगी ‘नो सूनर’चे वाक्य बिनचूक करते, आणि आपल्या गावाबद्दल पाच ओळी लिहायला सांगितल्या की पाचही वाक्ये केवल येतात. मी अशा वह्या पुष्कळ पाहिल्या आहेत. परीक्षेत गुण मिळतात, म्हणून कुणाला ते खटकत नाही.

त्याच मुलीला जबलपूरजवळच्या भेडाघाटची चार वाक्ये द्यावीत: नर्मदा खडकांमधून वाहते. खडक संगमरवरी आहेत. चांदण्या रात्री ते चमकतात. तेव्हा लोक नावेतून फिरायला जातात. हे एका वाक्यात आणायला सांगावे, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मराठीत ती म्हणेल, ‘चांदण्या रात्री चमकणाऱ्या संगमरवरी खडकांमधून वाहणाऱ्या नर्मदेत लोक नावेतून फिरायला जातात’, आणि पाहा, सगळी उपवाक्ये ‘णाऱ्या’त आटली. इंग्रजीत तिला ‘व्हेअर’ लागेल, ‘व्हिच’ लागेल, ‘व्हेन’ लागेल. तीन मुलींची तीन उत्तरे येतील आणि तिन्ही बरोबर असतील. मग कोणते वाचायला बरे वाटते, कुठे ‘व्हिच’ची गर्दी झाली, कुठे वाक्य तोडलेले बरे, यावर वर्ग बोलेल. प्रधान आणि गौण यांचा खरा अर्थ इथे कळतो, कारण मुख्य क्रियापद कोणाला द्यायचे हे तिचे तिलाच ठरवावे लागते: नदीला, खडकांना की माणसांना.

यासाठी पैसा लागत नाही, स्मार्ट बोर्ड लागत नाही. लागते ते इतकेच की हिंदी-मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक स्टाफरूममध्ये एकत्र बसावेत आणि दोन गोष्टी ठरवाव्यात. गौण वाक्याचा धडा दोन्ही विषयांत एकाच आठवड्यात घ्यायचा. आणि दोन्ही तासांना उदाहरणे तीच ठेवायची. घरी पालकांनाही करता येण्यासारखे आहे. मराठी वाक्य ल्यावर-ल्यामुळेने बोलायचे आणि त्यातले क्रियापद मुलाला उघडे करायला सांगायचे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘अधोरेखित उपवाक्य ओळखा’ हा एक प्रश्न कमी करा. त्याजागी चार छोटी वाक्ये द्या, ‘यांचे एक किंवा दोन वाक्यांत संकलन करा’ असे विचारा, आणि एकाहून अधिक उत्तरांना पूर्ण गुण देण्याची सूचना परीक्षकांना लेखी द्या. प्रश्न बदलला की पुढच्या वर्षी वर्गातला धडाही बदलेल.